इन्सॅटचा ढगांचा फोटो आपला आपण कसा वाचायचा

एप्रिल-मे लागला की ग्रुपवर लालभडक नकाशे फिरायला लागतात, 'आज रात्री गारपीट' म्हणून सगळे धास्तावतात आणि तो फोटो कधीचा आहे हे कुणी बघतच नाही. शेडवर बेदाणा असेल, कांदा उघड्यावर पडला असेल तर असल्या फॉरवर्डवर विसंबू नका, हवामान खात्याच्या मौसम साइटवर सॅटेलाइटमध्ये गेलात की इन्सॅट या आपल्या उपग्रहांचे ताजे फोटो फुकट दिसतात, मोबाइलवर पण.

आधी टाइम बघा. यूटीसी (म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) लिहिलं असेल तर साडेपाच तास मिळवायचे, ०९०० यूटीसी म्हणजे आपले दुपारचे अडीच. इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेला ३डीएस, हे साधारण ३६ हजार किमी उंचीवर पृथ्वीसोबतच फिरतात, म्हणून आपला भाग त्यांच्या नजरेतून कधी सुटत नाही.

मग दोन प्रकारचे फोटो असतात ते नीट समजून घ्या कारण सगळा घोळ इथंच होतो. व्हिजिबल म्हणजे साधा उजेडातला फोटो, रात्री काळा. दुपारनंतर त्यात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे गोळे उठताना दिसले तर वादळी ढग वर चढतायत. इन्फ्रारेड रात्रंदिवस चालतो पण तो ढगाच्या माथ्याचं तापमान दाखवतो, पाऊस नाही, जितका माथा थंड तितका ढग उंच आणि तितका पांढरा, रंगीत नकाशात तेच लाल-बिल लावलेलं असतं. आता गंमत बघा, वादळ संपल्यावर वरचा पातळ ढग कितीतरी वेळ तसाच पांढराशुभ्र पसरलेला राहतो, त्याच्याखाली थेंब पण नसतो. आणि उलट जुलैत कोकणात, घाटमाथ्यावर बुटके ढग असतात, इन्फ्रारेडमध्ये नुसते करडे दिसतात पण खाली धो धो कोसळत असतो. म्हणून फक्त रंगावर जाऊ नका.

एका फोटोवर तर अजिबात ठरवू नका, मागच्या तीन-चार तासांचे फोटो ओळीनं बघा, ॲनिमेशन असेल तर बेस्टच. आपल्या तालुक्याच्या जागेवर बोट ठेवा आणि ढग कुठून कुठं सरकतोय, प्रत्येक फोटोत मोठा होतोय की कडा विरत चालल्यात ते बघा. मोठा होत आपल्याकडेच येत असेल तर ताडपत्री काढा, वाट बघत बसू नका.

जवळ आल्यावर मात्र सॅटेलाइट सोडून रडार उघडा, मुंबई, नागपूर, गोवा जे जवळ असेल ते, कारण प्रत्यक्ष पाणी कुठं पडतंय ते तिथंच कळतं. आणि विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप टाकून ठेवा, लोकेशन ऑन ठेवून, रानात माणसं असतील तर अलर्ट येताच झाडाखाली न थांबता पक्क्या घरात या.