लॅपटॉपवर अक्षरं धूसर दिसतायत? स्क्रीन बदलायच्या आधी या चुका टाळा

मध्यंतरी मावशीकडे गेले होते तर ती म्हणाली, अगं या लॅपटॉपची स्क्रीन गेली बघ, अर्धा तास वाचलं की डोळे दुखतात, आता नवीनच घ्यावा लागणार. मी बघितलं तर स्क्रीन होती १९२० बाय १०८० ठिपक्यांची आणि सेटिंग होतं १३६६ बाय ७६८ वर, कारण कुणीतरी तिला अक्षरं मोठी करून दिली होती. दोन मिनिटांचं काम होतं पण ती वर्षभर तशीच वाचत होती, आणि याचं मला खरंच वाईट वाटलं, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. अक्षरं बारीक दिसतात म्हणून लोक रिझोल्यूशन, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं काढायचं ते सेटिंग, कमी करतात. अक्षरं मोठी होतात, पण त्यांच्या कडा जातात. स्क्रीनवर जे पिक्सेल, म्हणजे बारीक ठिपके, आहेत ते कारखान्यातून जेवढे आले तेवढेच राहतात, फुल एचडी म्हणजे वीस लाखांच्या वर, ते काही सेटिंगने कमी होत नाहीत. मग १३६६ चं चित्र १९२० वर ताणून बसवावं लागतं आणि चित्रातल्या एका ठिपक्याच्या वाट्याला आडवे साधारण १.४ पिक्सेल येतात. आता पॉइंट चार पिक्सेल पेटवता येत नाही ना, म्हणून शेजारच्या पिक्सेलला अर्धवट राखाडी रंग दिला जातो आणि तेच आपल्याला धूसर दिसतं. इंग्रजीत हे एकवेळ चालून जातं, आपल्या देवनागरीचे मात्र फार हाल होतात, कारण अनुस्वार, रफार, पोटातल्या गाठी सगळं एक-दोन पिक्सेलचं काम असतं. घ आणि ध मधला फरक बघा, वरची रेघ जोडलेली की तुटलेली आणि एक छोटी गाठ एवढाच, तोच पुसला जातो.

म्हणून रिझोल्यूशन कायम जिथे कंसात 'रेकमेंडेड' लिहिलंय तिथेच ठेवा आणि अक्षरं मोठी करायला विंडोजच्या त्याच डिस्प्ले सेटिंगमधलं 'स्केल' वापरा, १२५ किंवा १५० टक्के. १५.६ इंची फुल एचडी स्क्रीनवर एका इंचात साधारण १४१ पिक्सेल बसतात आणि १४ इंचीवर १५७, त्यामुळे १०० टक्क्यांवर बारीक दिसणारच, त्यात तुमच्या डोळ्यांचा काही दोष नाही. फक्त कस्टममध्ये जाऊन १३७ वगैरे मधलाच आकडा टाकू नका, काही प्रोग्राम त्याने बिघडतात. आणि स्केल बदलल्यावर एकदा साइन आउट करून परत या, नाहीतर आधीपासून उघडे असलेले प्रोग्राम जुन्याच मापात ताणलेले राहतात आणि लोकांना वाटतं काही फरकच पडला नाही.

एवढं करूनही धूसर असेल तर दिसेल ते सेटिंग बदलत सुटू नका, आधी दोष कुठे आहे ते शोधा. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून त्या अक्षरांचा स्क्रीनशॉट घ्या आणि फोनवर मोठा करून बघा (व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तिथे तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा). स्क्रीनशॉटमध्ये पण धूसर असेल तर गडबड प्रोग्रामची किंवा स्केलची आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ आणि स्क्रीनवर मात्र धूसर, तर मग रिझोल्यूशन, केबल, काच नाहीतर चष्मा. या एका टेस्टने निम्मी शोधाशोध वाचते.

फक्त एकाच प्रोग्राममध्ये धूसर दिसतंय? बहुतेक तो जुना प्रोग्राम असतो, त्याला स्केल कळत नाही म्हणून विंडोज त्याचं चित्र ताणून दाखवतं. त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथे कम्पॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआयचं बटण, आणि आत 'ओव्हरराइड' वर टिक करून 'ॲप्लिकेशन' निवडा. अक्षरं स्वच्छ येतील, कधीकधी थोडी लहान होतात, ते मात्र चालवून घ्यावं लागतं.

विंडोज नव्याने टाकल्यावर सगळंच फुगलेलं आणि धूसर झालं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर' असं नाव आहे का बघा. असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच (स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसलेला नाही, तो टाका, बाकी काही करू नका.

बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. टीव्हीवर काळ्या पार्श्वभूमीवरची लाल किंवा निळी अक्षरं फाटल्यासारखी दिसत असतील तर रंगाची माहिती अर्धी किंवा त्याहून जास्त कापून पाठवली जातेय, ४:२:० किंवा ४:२:२ म्हणतात ते हेच. सिनेमाला ते चालतं, अक्षरांना नाही. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आरजीबी किंवा ४:४:४ (म्हणजे न कापलेला रंग) निवडा आणि टीव्हीवर त्या एचडीएमआय इनपुटला 'पीसी' असं नाव द्या किंवा पीसी मोड लावा, बऱ्याच टीव्हींवर तेवढ्यानेच काम होतं. अक्षरांभोवती पांढरी कड दिसत असेल तर टीव्हीची शार्पनेस कमी करा. हो, कमीच करा, स्पष्ट दिसावं म्हणून ती वाढवणं हीच तर चूक असते. आणि अजून व्हीजीए केबल वापरत असाल तर मॉनिटरवरचं ऑटो ॲडजस्ट बटण एकदा दाबून बघा.

क्लिअरटाइपबद्दल, म्हणजे अक्षरांच्या कडा गुळगुळीत दाखवायच्या विंडोजमधल्या सोयीबद्दल थोडं. मायक्रोसॉफ्टने हे १९९८ मध्ये जाहीर केलं, आणि कल्पना अशी की प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन तुकडे शेजारी शेजारी असतात, तर तेही अक्षराची कड रेखाटायला वापरायचे. तुकडे ओळीने असतील तर छान दिसतं, पण बऱ्याच ओएलईडी स्क्रीनवर त्यांची मांडणी वेगळी असते, मग अक्षरांच्या कडेला रंगीत झाक दिसते. सर्चमध्ये क्लिअरटाइप टाइप करा, नमुने समोर येतात, डोळ्याला जो बरा वाटेल तो निवडत जा. कुणीतरी सांगितलं म्हणून ते सरसकट बंद करू नका, साध्या एलसीडीवर बंद केलं तर अक्षरं खडबडीत होतात.

रंग फिके पडले म्हणजे स्क्रीन खराब असंही नाही. एचडीआर (सिनेमा-गेममध्ये उजेड आणि रंग जास्त उठावदार दाखवायची सोय) चालू राहिलं तर साधी पानं धुतल्यासारखी दिसतात, विंडोज, आल्ट आणि बी दाबून ते बंद करता येतं. बॅटरीवर असताना पांढरं पान उघडलं की उजेड आपोआप वरखाली होतो तो वीज वाचवायच्या सेटिंगमुळे, इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये 'डिस्प्ले पॉवर सेव्हिंग' बंद करा, आणि विंडोज ११ मध्ये ब्राइटनेसच्या खाली पानातल्या मजकुरानुसार उजेड बदलण्याचा पर्याय आहे तोही बघा.

स्क्रीनवर चिकटवलेली मॅट फिल्म काढून बघा, पांढऱ्या पानावर वाळू पसरल्यासारखं दिसतं ते तिच्यामुळेच असू शकतं. पुसायला किंचित ओलसर मायक्रोफायबर कापड घ्या, काचेच्या खिडकीचा अमोनियावाला स्प्रे अजिबात नको, त्याने वरचा थर कायमचा जाऊ शकतो.

मराठी वाचणाऱ्यांनी फॉन्टकडे पण बघा. जुन्या मंगलपेक्षा निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी मला लहान आकारातही नीट वाचता येतात. फायरफॉक्समध्ये देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि किमान आकार ठरवता येतो, क्रोममध्येही किमान आकाराची सोय आहे.

आता खरी कमी पडणारी स्क्रीन कुठली, तर १५.६ इंचावर १३६६ बाय ७६८ वाली, इंचाला जेमतेम १०० पिक्सेल. तिथे सेटिंगने एका मर्यादेपुढे काही होत नाही, झूम वाढवून वाचणं हाच उपाय. आणि स्क्रीनशॉट स्वच्छ, रिझोल्यूशन बरोबर, दुसऱ्या कुणाला त्याच स्क्रीनवर अक्षरं लख्ख दिसतायत, तर लॅपटॉप राहू दे, आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या.