गुडघा बदलण्याआधी तो मोजून घ्या

'ऑपरेशननंतर पाय अगदी सरळ होईल' हे ऐकून घरातले सगळे खूश होतात. तो पाय पंचविशीत तरी सरळ होता का, हे मात्र कुणी विचारत नाही. बेल्जियममध्ये काहीही त्रास नसलेल्या २५० तरुण-तरुणींचे पाय मोजले गेले. २०१२ मध्ये त्याचे निकाल छापून आले, तेव्हा ३२ टक्के पुरुषांचे आणि १७ टक्के स्त्रियांचे पाय मुळातच ३ अंश किंवा त्याहून जास्त फेंगडे, म्हणजे गुडघे बाहेर झुकलेले, निघाले. म्हणजे आज दिसणाऱ्या बाकात थोडा मूळचा असतो आणि थोडा झिजेचा. हे दोन्ही कागदावर वेगळे काढता येतात.

आधी एक्स-रे बरोबर हवा. फक्त गुडघ्याची छोटी फिल्म चालत नाही, आणि झोपवून काढलेली तर नाहीच, कारण अंगाचा भार पडल्याशिवाय खरा बाक दिसत नाही. खुब्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांचा, उभं राहून काढलेला लांब एक्स-रे मागा. सेंटरवर त्याला स्कॅनोग्राम म्हणतात. उभं राहताना पावलं नव्हे, गुडघ्याच्या वाट्या समोर बघत असाव्यात. हीच चूक सर्रास होते. तंत्रज्ञ पावलं जुळवून उभं करतो, पाय आतबाहेर फिरतो आणि कोन काही अंशांनी चुकतो. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर ही चूक आणखी वाढते. फिल्म तपासायची सोपी खूण म्हणजे वाटी मांडीच्या हाडाच्या मधोमध दिसली पाहिजे.

आता पट्टी, पेन्सिल आणि कंपासपेटीतला कोनमापक घ्या. खुब्याच्या गोळ्याच्या केंद्रापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत एक रेघ ओढा, गुडघ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत दुसरी. दोन्ही एका रेषेत आल्या तर पाय सरळ, नाहीतर दुसरी रेघ जितके अंश वळते तितका आजचा बाक. मग मांडीच्या हाडाच्या खालच्या दोन गोलाईंना टेकणारी आडवी रेघ काढा आणि वरच्या रेघेशी तिचा बाहेरच्या बाजूचा कोन मोजा. तसंच नडगीच्या हाडाच्या सपाट माथ्यावर रेघ काढून खालच्या रेघेशी तिचा आतल्या बाजूचा कोन मोजा. दोन्ही कोन साधारणपणे ८५ ते ९० अंशांत येतात.

नडगीच्या कोनातून मांडीचा कोन वजा करा. उत्तर उणे २ ते अधिक २ मध्ये आलं तर मूळ पाय सरळ. त्याहून उणे असेल तर मूळचा फेंगडा, अधिक असेल तर मूळचेच गुडघे आत झुकलेले. २०२१ मध्ये मांडलेली सी-पॅक ही नऊ प्रकारांची वर्गवारी याच वजाबाकीवर आणि दोन कोनांच्या बेरजेवर उभी आहे. एक सावधगिरी मात्र हवी. नडगीचं हाडच खचलं असेल तर तिचा कोन मूळच्यापेक्षा कमी भरतो. अशा वेळी दुसरा, कमी झिजलेला गुडघा मोजून ताडून बघावा. जुन्या फोटोंचा फारसा उपयोग नाही. पातळ नेसलेल्या बाईचे गुडघे कोणत्या अल्बममध्ये दिसणार?

एक उदाहरण घेऊ. एक्स-रेवर पाय १२ अंश फेंगडा आहे. मांडीचा कोन ८८, नडगीचा ८४. वजाबाकी उणे ४. म्हणजे १२ पैकी ४ अंश मूळचे, उरलेले ८ गादी झिजण्याचे आणि बाहेरचा अस्थिबंध सैल पडण्याचे. नेहमीच्या पद्धतीत दोन्ही हाडं आपापल्या रेघेला काटकोनात कापतात. नडगीच्या माथ्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागांच्या मध्यांत सुमारे ४५ मिमी अंतर धरलं, तर ९० आणि ८४ मधल्या ६ अंशांच्या फरकामुळे बाहेरच्या बाजूचं हाड जवळपास ४.७ मिमी जास्त निघतं. मांडीच्या हाडाच्या २ अंशांमुळे आतलं १.६ मिमी जास्त निघतं. ताळेबंद असा की पाय ताठ केल्यावर आतली बाजू ३ मिमी आवळलेली राहते, आणि ती सोडवायला निरोगी अस्थिबंध मोकळा करावा लागतो. गुडघा वाकवल्यावरही तीच गत होते. मांडीचा भाग ठरीव ३ अंश बाहेर फिरवून बसवतात, पण तो हिशेब ८७ अंशांच्या नडगीसाठी आहे. इथे ८४ आहे.

म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: 'पाय शून्यावर आणणार की मूळचा थोडा बाक ठेवणार?' काही सर्जन मूळच्या रेषेकडे झुकतं माप देतात, पण सहसा एकूण ३ अंशांच्या आत राहतात. दुसरी बाजूही खरी आहे. काटकोनी पद्धतीला कित्येक दशकांचा अनुभव आहे, आणि दोन्हींची तुलना केली की बहुतेक रुग्णांत फार मोठा फरक दिसत नाही. प्रश्न येतो तो टोकाच्या गुडघ्यांत. ऑपरेशनात वापरतात तो रोबो इथे फक्त हत्यार आहे. त्यात कोणता कोन भरला ते महत्त्वाचं, म्हणून जाहिरात बघून हुरळून जाऊ नका.

मांडीचं हाड धनुष्यासारखं वाकलेलं असेल तर तेही आधीच दाखवून द्या. हाडाच्या पोकळीत सळई घालून, ती आणि खुब्यापासूनची रेघ यांत ५ किंवा ६ अंशांचा कोन धरून कापायचं साधन सरळ हाड गृहीत धरतं. वाकलेल्या हाडात खरा कोन ८-९ भरू शकतो, आणि काप त्या फरकाइतका चुकतो. जुन्या फ्रॅक्चरची प्लेट किंवा रॉड असेल तर सळई जातच नाही. तिथे नॅव्हिगेशन (संगणकावर कोन दाखवणारी यंत्रणा) किंवा रोबो खरोखर कामाला येतो.

साइजचं थोडक्यात. मांडीच्या हाडाची पुढून-मागची जाडी सारखी असली तरी रुंदी माणसागणिक बदलते, आणि बायकांची बहुधा कमी असते. धातूचा भाग कडेने ३ मिमी किंवा जास्त बाहेर डोकावला तर दुखणं मागे उरण्याची शक्यता वाढते. त्यामुळे अरुंद साइज उपलब्ध आहे का, हे आधीच विचारावं. वाटीलाही हिशेब लागतो. मागून कापून किमान १२ मिमी हाड उरायला हवं, वर प्लॅस्टिकचं बटण ८ मिमीच्या आसपास. मूळ वाटीच १९ मिमी असेल तर बटण लावून ती आधीपेक्षा जाड होते आणि गुडघा वाकताना घट्ट वाटतो. अशा वेळी बटण न लावणं हाही एक पर्याय ठरू शकतो.

ऑपरेशननंतर प्रत्येक भागाचा साइज आणि बॅच नंबर लिहिलेले स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेले आहेत ना, ते बघा. नसतील तर तिथेच मागून घ्या आणि मोबाईलवर फोटो काढा. पुढे कधी प्लॅस्टिकची चकती बदलायची वेळ आली, तर नव्या सर्जनला सगळ्यात आधी तेच लागतात.