कॅटालिनाच्या पोटावरची पाण्याची रेघ

२०१९ चा पूर ओसरल्यावर आमच्या सांगलीतल्या गल्लीत भिंतींवर रेघा राहिल्या होत्या: वर एक गडद, खाली तीन-चार फिकट. कॅटालिना या दुसऱ्या महायुद्धातल्या, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचं मॉडेल रंगवताना मी त्याच डोळ्यासमोर ठेवतो.

माझं मॉडेल १/७२ चं, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ४४ सेंटिमीटर. एप्रिल १९४२ मध्ये श्रीलंकेतल्या कोग्गलाहून उडालेल्या अशाच विमानाने जपानी आरमार हेरलं होतं. असं विमान कोरं करकरीत दिसणं मला पटत नाही.

आधी अल्युमिनियम रंग, त्यावर वार्निश. पावसाळ्यात दोन दिवस वाळू द्या, कृष्णाकाठची हवा दमट असते. मग नाकाखाली, पोटाखालच्या पायरीसारख्या खाचेवर आणि पंखांखालच्या तरंड्यांच्या (पाण्यावर तोल सांभाळणाऱ्या छोट्या होड्यांच्या) कडांना ब्रशने पाणी लावून मीठ भुरभुरा. बारीक आणि जाडं मिसळलेलं घ्या, एकसारखे ठिपके खोटे वाटतात. पूर्ण वाळलं की वरचा रंग पातळ थरांत फवारा, नंतर ओल्या टूथब्रशने मीठ काढा. खालची चांदी उघडी पडते. पण सुकाणूवर आणि पंखांच्या मागच्या भागावर हे मुळीच करू नका! तिथे कापड होतं, पत्रा नव्हता.

चकचकीत वार्निशनंतर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी तैलरंग खाचांत सोडा. पाण्याच्या रेघेसाठी गेरूसारखा रंग आडवा ओढा, वरची कड पुसू नका, खालची बोटाने विरवा. इंजिनांमागे पंखावर कोळशाची पूड मऊ ब्रशने मागे ओढा. शेवटी मॅट वार्निशचा एकच हात.