पिकअपचा क्लच आवाज करतोय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे बघा

क्लचमधून आवाज यायला लागला की बरेच जण लगेच प्लेट गेली म्हणून मोकळे होतात, मग गिअरबॉक्स उतरतो, नवीन प्लेट बसते, बिल होतं आणि आवाज आहे तिथंच. खरं तर असा आवाज बऱ्याचदा प्लेटचा नसतोच, बेअरिंगचा असतो. रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं), पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं पुढचं टोक धरणारं) आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची ताकद आत नेणाऱ्या दांड्याचं बेअरिंग, ही तिन्ही तिथं एकमेकांजवळच असतात पण फिरतात वेगवेगळ्या वेळी, त्यामुळं पेडल कुठं असताना आवाज येतो आणि कुठं थांबतो एवढं नीट ऐकलं तरी निम्मं काम झालं.

आधी गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा, काचा खाली आणि टेप बंद. गाडीच्या पुढं-मागं कुणाला उभं करू नका.

इंजिन बंद ठेवूनच पेडल हळूहळू दाबून बघा. किर्र किंवा कुई असा आवाज आला तर तो पेडलचा बुश, केबल किंवा फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा लिव्हर) जिथं टेकतो तो पिव्हट, एवढ्यातलाच. बुश आणि केबलचं काम तेल-ग्रीसवर किंवा नवीन केबलवर भागतं, गिअरबॉक्सला हातसुद्धा लावायला लागत नाही, म्हणून हे पहिलं बघायचं.

आता इंजिन चालू करून न्यूट्रलला, पाय पेडलवरून पूर्ण काढा. घरघर येतेय आणि क्लच दाबला की बंद होतेय, सोडला की परत चालू? मग संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. हा विषय क्लचचा नाही, गिअरबॉक्सचा आहे, आणि इथं सगळ्यात आधी गिअर ऑइलची लेव्हल बघायची, सीलमधून गळून गळून ऑइल कमी झालेलं असतं आणि कुणाचं लक्षच नसतं.

याच्या उलट, पेडल नुसतं थोडं दाबलं, म्हणजे मोकळी चाल संपून जिथं जोर लागायला सुरुवात होते तिथंच खरखर चालू झाली आणि दाबेल तशी वाढली, तर रिलीज बेअरिंग. आपल्याकडं सगळ्यात जास्त जातं ते हेच.

पायलट बेअरिंग ओळखायला जरा कान लागतो. पेडल पूर्ण दाबून पहिला गिअर टाका आणि ब्रेकवर पाय घट्ट ठेवा, कारण क्लच नीट सुटत नसेल तर गाडी झेप घेईल. गिअर पडला की इनपुट शाफ्ट थांबतो पण फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाला जोडलेली जड चकती, फिरतच असतं, आणि त्या दोघांच्या मध्ये पायलट बेअरिंग. म्हणून ते खराब असेल तर न्यूट्रलला पेडल दाबल्यावर येतो त्यापेक्षा गिअरमध्ये जास्त ओरडतं, रिलीज बेअरिंगचा आवाज मात्र दोन्हीकडं सारखाच राहतो. काही गाड्यांत तिथं बेअरिंगऐवजी साधा बुश असतो.

आणि गाडी उचलताना धडधड, थरथर होत असेल तर प्लेटला ऑइल लागलंय का, फ्लायव्हील तापून निळं पडलंय का हा प्रश्न येतो, पण त्याच्याही आधी इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग हलवून बघा, रबर फाटलं तरी अगदी अशीच थरथर होते.

बेअरिंग लवकर का जातं याची कारणं आपल्या रस्त्यांवरच आहेत. करूळ किंवा आंबा घाटात लोड घेऊन चढताना रांग लागली की हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची, कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या ट्रॅफिकमध्ये पाय सतत पेडलवर टेकवून ठेवायचा, या दोन सवयी सगळ्यात वाईट. पेडलला मोकळी चाल ठेवायची असते अशा गाडीत ती संपली असेल तरी बेअरिंग कायम दाबलेलंच फिरतं, किती चाल ठेवायची तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो तेवढीच ठेवा. तिसरं पाणी. 2019 आणि 2021 च्या पुरात जशा गाड्या बुडाल्या तशी बुडायलाच पाहिजे असं नाही, चाकं बुडतील एवढ्या पाण्यातून गाडी काढली तरी बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचवरच्या कव्हरमध्ये, पाणी जाऊ शकतं, ग्रीस धुऊन जातं, गंज चढतो आणि थोड्या दिवसांनी खरखर चालू.

गिअरबॉक्स उतरवायलाच लागला तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून सुरुवात करा. गाडी जॅकवर नको, पक्क्या स्टँडवर घ्या. प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडं जाणारा दांडा) काढायच्या आधी फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकतीवर, दोन्हीकडं खूण करा, तसाच परत बसला पाहिजे. मग स्टार्टर, गिअर लिव्हर, स्लेव्ह सिलिंडर (हायड्रॉलिक क्लचमध्ये फोर्क ढकलणारा) किंवा केबल, आणि गिअरबॉक्सखाली ट्रॉली जॅक लावून शेवटी बोल्ट. बॉक्स सरळ मागं ओढायचा, शाफ्टवर लटकू द्यायचा नाही, प्लेटचा हब वाकतो. हे एकट्याचं काम नाही, वजन भरपूर असतं.

आतली धूळ हवेनं उडवू नका. गॅरेजात सर्रास उडवतात, पण जुन्या किंवा हलक्या प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जातं. मास्क लावा, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्यानं पुसा.

प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरते ती) बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. एवढं उघडलंच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सेटच बदला, सोबत पायलट बेअरिंगही. एक बेअरिंग वाचवून उपयोग नाही, परत सगळं उतरवायची मजुरीच त्याच्यापेक्षा जास्त होते. क्रँकचं मागचं सील ओलं दिसलं तर तेही आत्ताच, नाहीतर नवी प्लेट ऑइलनं खराब होणार. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर फेस, म्हणजे सपाट, करून मिळतं, मात्र तडा असेल तर बदलायचंच.

नवीन रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुवू नका, ते सीलबंद असतं, आतलं ग्रीस निघून जातं. स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस अगदी पातळ लावा आणि जास्तीचं पुसा, फोर्कच्या पिव्हटलाही थोडं. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते ती बघून बसवा, अलाइनमेंट टूल नसेल तर जुन्या इनपुट शाफ्टनं मध्यावर आणा, मग बोल्ट समोरासमोर आवळत पुस्तकातल्या टॉर्कला. गिअरबॉक्स चढवताना तो बोल्टनं ओढून बसवायचा नाही, हातानं सरकत जागेवर आला पाहिजे, नसेल येत तर प्लेट मध्यावर नाही.

हायड्रॉलिक क्लच उघडला असेल तर हवा काढा, केबलचा असेल तर मोकळी चाल लावा. पहिले चार-पाचशे किलोमीटर फुल लोड आणि घाट टाळा, आणि त्यानंतर केबलच्या गाडीत चाल एकदा परत तपासा, नवीन प्लेट बसली की ती थोडी कमी होते.