पाऊस पडण्याआधी गोण्या उघडून बघा: शेतातले क्षार आणि त्यांची भांडणे

पाऊस तोंडावर आला की बियाणे आणि अवजारे बाहेर निघतात. कोपऱ्यातल्या अर्ध्या गोण्या आणि गाठ मारून ठेवलेल्या पिशव्या मात्र तशाच पडून राहतात. मोरचूद (कॉपर सल्फेट), हिराकस (फेरस सल्फेट), झिंक सल्फेट, जिप्सम, कॅल्शियम नायट्रेट, खडे मीठ हे सगळे क्षारच. एकेकटा प्रत्येक जण कामाचा आहे. बिघडतो तो ओलीमुळे आणि चुकीच्या सोबतीमुळे.

आधी ओलीचे बघू. कॅल्शियम नायट्रेट हवेतले पाणी इतके ओढते की उघड्या गोणीत त्याचा चिखल होतो. राहिलेला माल झाकणाच्या डब्यात घट्ट बंद करा. हिराकशीचा खडा फिकट हिरवा हवा. तो विटकरी-तांबूस झाला असेल तर त्यातल्या लोहाला हवा लागलेली आहे. तसे लोह चुनखडीच्या जमिनीत पिकाला जवळजवळ मिळत नाही, आणि ते फवारणीच्या टाकीतही घालू नका.

झिंक सल्फेटच्या गोणीवर टक्केवारी वाचल्याशिवाय मात्रा ठरवू नका. एका प्रकारात स्फटिकाच्या पोटातच भरपूर पाणी असते, त्यात जस्त २१ टक्के. दुसऱ्यात पाणी कमी, म्हणून जस्त ३३ टक्के. पहिल्याचे १० किलो म्हणजे दुसऱ्याचे साधारण साडेसहा किलो. शेजाऱ्याने एकरी किती टाकले हे ऐकून तेवढेच टाकणाऱ्यांची इथेच फसगत होते. शिवाय मॅग्नेशियम सल्फेटही दिसायला अगदी तसेच पांढरे, चकचकीत. शंका आली तर चिमूटभर माल स्वच्छ पाण्यात विरघळवा आणि त्यात कॉस्टिक सोड्याचे पातळ द्रावण थेंब थेंब सोडा. दोन्हींत पांढरा साका येतो. मग कॉस्टिक सोड्याचे घट्ट द्रावण घालत राहा. जस्ताचा साका विरघळून जातो, मॅग्नेशियमचा तसाच राहतो. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हे करू नका, कॉस्टिक कातडी जाळतो.

आता सोबतीचे. कॅल्शियम नायट्रेट आणि कोणतेही सल्फेट घट्ट द्रावणात एकत्र आले की टाकीत जिप्सम तयार होते, फॉस्फेटबरोबर कॅल्शियम फॉस्फेट. मी एकदा घाईत कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच बादलीत ओतले. पाणी दुधासारखे झाले, तरी ठिबकमध्ये सोडले. पुढचे दोन दिवस ड्रिपर काढून टोचत बसलो. तेव्हापासून काचेच्या बरणीत आधी थोडेसे मिसळून अर्धा तास ठेवतो. गढूळ झाले किंवा तळाशी काही बसले, तर दोन्ही वेगवेगळ्या दिवशी द्यायचे. अमोनियम सल्फेटमध्ये चुना कधीच नको. नाकाला झोंबणारा वास येतो तो तुमच्या नत्राचाच, हवेत उडून चाललेला.

मोरचूद आणि चुना ही जोडी मात्र जमते, पण तिचे नखरे सांभाळावे लागतात. फ्रान्समधल्या बोर्दो भागात वाटसरूंनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळे मिश्रण शिंपडत. त्याच वेलींची पाने केवडा या बुरशीसारख्या रोगातून वाचली, हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने १८८२ साली हेरले. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या पिंपात ५० लिटर पाण्यात विरघळवा. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे नको, तांबे भांड्यालाच चिकटून बसते. चुन्यावर थोडे थोडे पाणी घालून तो फुटू द्या, मग तो ५० लिटर करून फडक्यातून गाळा. तो चांगला तापतो, म्हणून तोंड लांब ठेवा. पूर्ण गार झाल्यावर दोन्ही धारा एकाच वेळी तिसऱ्या पिंपात सोडा आणि दुसऱ्याने काठीने ढवळत राहावे. रंग आकाशी यायला हवा.

फवारण्याआधी एक परीक्षा चुकवू नका. घासून लख्ख केलेले लोखंडी पाते मिनिटभर मिश्रणात बुडवा. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस थर दिसला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, पाने करपतील. चुन्याचे पाणी घालून ढवळा, पुन्हा पाते बुडवा, थर येणे बंद होईपर्यंत. मिश्रण त्याच दिवशी संपवा, त्यात दुसरे औषध मिसळू नका आणि पाने ओली असताना किंवा दिवसभर झड लागलेली असताना फवारू नका.

जिप्समची वेळही हीच, पावसाआधीची. पण ते चोपण जमिनीचे औषध आहे, प्रत्येक पांढऱ्या थराचे नव्हे. ज्या जमिनीचा सामू (pH) साडेआठच्या वर आहे, पाणी साचते, वाळल्यावर ढेकूळ फुटत नाही, तिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. जिप्सममधले कॅल्शियम त्याची जागा घेते आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. नुसताच पांढरा क्षार फुललेल्या, पण भुसभुशीत जमिनीला निचरा आणि गोडे पाणी हवे, तिथे जिप्समवर खर्च कशाला? मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवा. वरच्या १० ते १५ सेंटिमीटर मातीत मिसळा, बांध धरा आणि पावसाचे पाणी मुरू द्या. एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते, म्हणून घाई उपयोगाची नाही. निचऱ्याची चर नसेल तर आधी ती काढा, नाहीतर सोडियम तिथल्या तिथेच घुटमळतो.

राहिले साधे मीठ. भाताच्या बियाण्यासाठी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा, बी ओता, ढवळा. तरंगणारे पोचट दाणे काढून टाका. बाजरीत अरगट या बुरशीरोगाच्या गाठी वेगळ्या करायला द्रावण बरेच घट्ट लागते, १० लिटरला २ किलो. तळाचे बी दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि सावलीत वाळवा. धुण्यात आळस केला तर मीठ दाण्यावर राहते आणि उगवण मार खाते. उरलेले खारे पाणी झाडाच्या बुंध्याशी किंवा विहिरीजवळ ओतू नका.