अमेरिकेत धर्माच्या नावावर तिसरा पक्ष चालेल का, हे दहा वाट्या घेऊन कसं तपासायचं

आमच्या अभ्यासिकेतल्या एका पोरीला वादविवाद स्पर्धेला विषय आला, अमेरिकेत धार्मिक तिसरा पक्ष यशस्वी होईल का. चिठ्ठी उघडल्या उघडल्या ती म्हणाली, सर यात काय अवघड आहे, तिकडं गल्लोगल्ली चर्च आहेत, नोटेवरसुद्धा देवाचं नाव छापलंय, देवाच्या नावावर पक्ष काढला तर लोक मत देणारच की. शेजारचा पोरगा म्हणाला छे, तिकडं रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट असे दोनच पक्ष असतात, विषय संपला. दोघांचं उत्तर अर्ध्या मिनिटात तयार आणि दोघांनीही एक आकडा बघितलेला नाही. हे मला मनापासून लागतं, कारण पोरं हुशार आहेत, फक्त तपासायचं कसं हे कुणी बसून दाखवत नाही. म्हणून आम्ही दोन संध्याकाळ बसून जे केलं ते इथं लिहितोय. स्पर्धेला असो, मुलाखतीला असो, नाहीतर पोरगं तिकडं नोकरीला आहे म्हणून रोज तिकडच्या बातम्या बघणारे आईवडील असोत, कामाला येईल.

सामान साधं आहे. दहा वाट्या, शेंगदाणे (सोलापुरात कुणाच्या घरी नसतात), फुटाणे, वीस चिंचोके आणि एक वही.

वहीच्या पहिल्या पानावर आधी लिहायचं की यशस्वी म्हणजे नेमकं काय. राष्ट्राध्यक्ष निवडून आणणं? एखादं राज्य जिंकणं? दुसऱ्याला पाडणं? का आपल्याला हवा तो कायदा करून घेणं? ह्या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि वादविवादात निम्मी भांडणं यावरच होतात, एकजण निवडून येण्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा कायद्याबद्दल. चारही ओळी लिहून समोर जागा सोडा, शेवटी भरायच्या.

मग लगेच अमेरिकेला जायचं नाही, आधी आपल्या दाराशी बघायचं. २०१९ ची सोलापूर लोकसभा आठवा. गौडगाव मठाचे मठाधिपती जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी ५ लाख २४ हजारांच्या पुढं मतं घेऊन निवडून आले, सुशीलकुमार शिंदेंना ३ लाख ६६ हजार पडली आणि वंचितकडून उभे राहिलेल्या प्रकाश आंबेडकरांना १ लाख ७० हजार. फरक १ लाख ५८ हजारांचा. वंचित हा काही धार्मिक पक्ष नव्हे, पण तिसरा होता, आणि तिसऱ्याची मतं फरकापेक्षा जास्त भरली. आता दोन गोष्टी वहीत घ्या. एक, लाखाच्या वर मतं मिळवूनही तिसऱ्याच्या हातात जागा शून्य. दुसरी जास्त महत्त्वाची, मठाधिपती जिंकले ते स्वतःचा पक्ष काढून नाही, भाजपच्या कमळावर. ही दुसरी गोष्ट पक्की धरून ठेवा, अमेरिकेतलं अर्धं उत्तर तीच आहे.

आता वाट्या. दहा वाट्या म्हणजे दहा राज्यं, प्रत्येक वाटीत दहा दाणे म्हणजे दहा मतं, ज्याचे दाणे जास्त त्याची अख्खी वाटी. अमेरिकेत ५० पैकी ४८ राज्यांत असंच चालतं, राज्यात एका मतानं पुढं असला तरी तिथली सगळी इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष निवडायला त्या राज्याच्या वाट्याला आलेली मतं) त्याचीच, फक्त मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं थोडी वाटणी करतात. शेंगदाणे एक मोठा पक्ष, फुटाणे दुसरा, चिंचोके म्हणजे आपला धर्माचा पक्ष. चिंचोक्यांना शंभरातली वीस मतं द्या, आणि वीस टक्के म्हणजे लहान गोष्ट नाही.

पहिल्यांदा प्रत्येक वाटीत दोन दोन चिंचोके टाका, उरलेल्या आठ जागांत कुठं पाच शेंगदाणे तीन फुटाणे, कुठं उलटं. मोजा. चिंचोक्यांची एकही वाटी नाही. पोरीचं तोंड उतरलं. मग तिला म्हटलं तेच वीस चिंचोके तुला पाहिजे तसे मांड, दाणे वाढवायचे नाहीत. ती बराच वेळ हलवत बसली, आधी तीन वाट्यांत सहा सहा टाकले, मग परत काढले आणि चार वाट्यांत पाच पाच टाकून उरलेल्या पाचांत तीन-दोन अशी फूट पाडली. चार वाट्या तिच्या! बाकीच्या सहात शेंगदाण्याला तीन, फुटाण्याला तीन. मतं तीच वीस, आणि शून्यावरून थेट पहिला नंबर. माझ्या डोळ्यांदेखत तिला कळलं की किती लोक पाठीशी आहेत यापेक्षा ते कुठं राहतात हा प्रश्न मोठा आहे, आणि हे मी फळ्यावर दहा वेळा लिहिलं असतं तरी उतरलं नसतं.

हे नुसतं वाटीतलं नाही. १९४८ ची निवडणूक काढून बघा. स्ट्रॉम थर्मंड आणि हेन्री वॉलेस असे दोन बाहेरचे उमेदवार होते, दोघांनाही देशभरात साधारण २.४ टक्केच मतं. थर्मंडची जवळजवळ सगळी दक्षिणेत गोळा झालेली, त्याला ३९ इलेक्टोरल मतं. वॉलेसची देशभर विखुरलेली, त्याला शून्य. १९९२ ला अपक्ष रॉस पेरोनं तर जवळजवळ १९ टक्के घेतली आणि हातात काय, शून्य. म्हणून कुणी सांगितलं की अमक्या पक्षाला देशात इतके टक्के पाठिंबा आहे, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा की कुठल्या राज्यात.

पोरगी खूश झाली होती, सर सगळ्यात जास्त वाट्या माझ्याच. इथं तिला थांबवलं, कारण तिकडं सगळ्यात जास्त असून भागत नाही, निम्म्याच्या वर लागतात. एकूण ५३८ इलेक्टोरल मतं, त्यातली २७० हवीत. कुणालाच २७० मिळाली नाहीत तर पहिल्या तिघांची नावं त्यांच्या प्रतिनिधी सभागृहात जातात आणि तिथं एका राज्याला एक मत, कॅलिफोर्निया असो का वायोमिंग, आणि ५० पैकी २६ राज्यं मिळवावी लागतात. १८२४ च्या निवडणुकीत हे झालंय, अँड्र्यू जॅक्सनची मतं सगळ्यात जास्त होती आणि सभागृहानं जॉन क्विन्सी ॲडम्सला निवडलं. आता विचार करा, सभागृहात बसलेले कोण, तर शेंगदाणे आणि फुटाणे. चिंचोक्यांचा तिथं माणूसच नाही. म्हणजे चार वाट्या जिंकूनही निर्णय दुसऱ्यांच्या हातात.

पुढची पायरी, वाटीतले चिंचोके खरंच एका जातीचे आहेत का ते तपासायचं. आपण लांबून ख्रिश्चन म्हणून एकच गठ्ठा धरतो. आपल्या सोलापूरकडं कुणी असं बघितलं तर आपल्याला पटेल का, इथं लिंगायत आहेत, पद्मशाली आहेत, मराठा आहेत, धनगर आहेत, एका घरात तेलुगू तर शेजारी कन्नड, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला सगळे येतात पण मतदानाला सगळे एका बटणावर बोट ठेवत नाहीत. तिकडंही तसंच. प्यू रिसर्चच्या २०२३-२४ च्या पाहणीत स्वतःला ख्रिश्चन म्हणणारे ६२ टक्के निघाले, त्यात इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट २३, कॅथलिक १९, बाकी वेगवेगळे, आणि कुठलाच धर्म नाही म्हणणारे २९ टक्के. गोऱ्या इव्हँजेलिकलांतले दहापैकी साधारण आठ जण ट्रम्पला मत देत आलेत आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चला जाणारे बहुतेक डेमोक्रॅटला, बायबल एकच. यात ज्यूंना, मुस्लिमांना अजून धरलंच नाही. जुनी भांडणंही आहेत. १८५६ ला अमेरिकन पार्टीनं, ज्यांना लोक नो-नथिंग म्हणायचे, मिलर्ड फिलमोरला उभं केलं आणि साडेएकवीस टक्के मतं घेतली, पण त्या पक्षाचा जन्मच कॅथलिक लोकांच्या विरोधातून झालेला. राज्य मिळालं एकच, मेरीलँड. म्हणजे धर्माच्या नावावर माणसं गोळा करायला जावं तर धर्मच त्यांना विभागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं मी पोरांना एक अख्खी संध्याकाळ बसवलं. तिकडं तिकीट कोण देतं? आपल्याकडं तिकीट मुंबईहून नाहीतर दिल्लीहून येतं, नाही मिळालं की माणूस बंड करतो, अपक्ष उभा राहतो, नवा पक्ष काढतो. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार सामान्य मतदार ठरवतात, प्रायमरीत मतदान करून. म्हणजे तुमच्याकडं दर रविवारी एकत्र येणारी, सांगितलं की मतदानाला जाणारी पंचवीस टक्के माणसं असतील, तर नवा पक्ष काढून शून्य वाट्या कशाला घेता, जुन्याच पक्षाच्या प्रायमरीत शिरा आणि तो पक्षच वळवा. पॅट रॉबर्टसन नावाच्या टीव्हीवरच्या धर्मोपदेशकानं १९८८ ला हेच केलं, आयोवात तो रिपब्लिकनांत दुसरा आला, तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश तिसऱ्यावर गेले. उमेदवारी शेवटी बुशलाच मिळाली, पण रॉबर्टसननं पुढच्याच वर्षी ख्रिश्चन कोअलिशन नावाची संघटना उभी केली आणि रिपब्लिकन पक्षात राहूनच काम चालू ठेवलं. त्याच्या आधी १९७९ ला जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाची मॉरल मेजॉरिटी ही संघटना होती, तीसुद्धा पक्ष नव्हता. गौडगावच्या महास्वामींचं उदाहरण धरून ठेवा म्हटलं होतं ते यासाठीच.

ज्यांनी स्वतंत्र पक्ष काढला त्यांचा हिशोबही समोर ठेवायला पाहिजे, नाहीतर तपासणी एकतर्फी होते. कॉन्स्टिट्यूशन पार्टी आहे, नव्वदच्या दशकापासून, बायबलचा आधार उघड सांगणारी, त्यांची चांगल्यात चांगली मतं दोन लाखांच्या आसपास. अमेरिकन सॉलिडॅरिटी पार्टी आहे, कॅथलिक विचारांच्या जवळची, गर्भपाताला विरोध आणि गरिबांना सरकारी मदत दोन्ही एकत्र मागणारी, मला त्यांचा विचार प्रामाणिक वाटतो, २०२० ला त्यांना ४२ हजारांच्या आसपास मतं पडली. त्या वर्षी देशात एकूण १५ कोटींच्या वर मतदान झालं होतं. शिवाय तिथं आपल्यासारखा एक निवडणूक आयोग आणि एक अर्ज असं नाही, मतपत्रिकेवर नाव आणायचे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, सह्या वेगळ्या, मुदत वेगळी, लहान पक्षाचा पैसा आणि माणसं त्यातच संपतात.

आणि तरी धर्मवाल्यांनी तिथं थेट राज्यघटनेत बदल करून दाखवलाय, दारूबंदीच्या वेळी. प्रोहिबिशन पार्टी १८६९ ची, तिची सगळ्यात मोठी कमाई १८९२ ला सव्वादोन टक्के मतं. पण १८९३ ला ओहायोत अँटी-सलून लीग निघाली, चर्चच्या जोरावर चालणारी, तिनं उमेदवार उभे केलेच नाहीत. दोन्ही पक्षांच्या उमेदवाराला एकच प्रश्न, दारूबंदीच्या बाजूनं मत देणार का नाही, जो हो म्हणेल त्याच्या मागं सगळी मतं. १९१९ च्या जानेवारीत घटनादुरुस्ती मंजूर झाली, १९२० पासून देशभर बंदी. १९३३ ला ती उठली हा भाग वेगळा. पण वहीतल्या चौथ्या ओळीसमोर, कायदा करून घेणं, तिथं हो लिहायचं, आणि कंसात लिहायचं की पक्षानं नाही, दबावानं.

पाडण्याच्या ओळीसमोरही हो. २००० ला फ्लोरिडात धाकटे बुश (वरच्या जॉर्ज बुश यांचे चिरंजीव) डेमोक्रॅट अल गोरच्या ५३७ मतांनी पुढं राहिले आणि तिसरा उमेदवार राल्फ नेडरला तिथं ९७ हजार मतं होती. नेडर धार्मिक नव्हता, पण गणित कुणालाही लागू होतं, आणि धर्माचा पक्ष बहुतेक वेळा आपल्याला जवळच्या पक्षाचीच मतं खातो.

उत्तर खरं आहे का हे उलटं करूनही तपासा. तोच पक्ष दुसऱ्या पद्धतीच्या देशात ठेवा. नेदरलँड्समध्ये एसजीपी म्हणून कट्टर प्रोटेस्टंट पक्ष आहे, मतांच्या प्रमाणात जागा मिळतात म्हणून १९२२ पासून सभागृहात टिकून आहे, आताच्या १५० जागांत त्याच्या दोन-तीन असतात. दोन टक्क्यांवर शंभर वर्षं. म्हणजे धर्मावरचा पक्ष चालतच नाही असं नाही, वाट्यांचा नियम बदलला की चालतो.

राष्ट्राध्यक्षाच्या पहिल्या ओळीसमोर नाही, ते वाट्यांतच दिसलं. राहिली राज्य जिंकायची ओळ. तिथं आम्ही पेन्सिलीनं लिहिलं, युटा. तिथं मॉर्मन लोक (अमेरिकेतच निघालेला एक ख्रिस्ती पंथ) एका जागी दाट राहतात, म्हणजे पोरीनं मांडलेल्या वाटीसारखं राज्य. एकोणिसाव्या शतकात तिथं मॉर्मनांचा स्वतःचा पीपल्स पार्टी नावाचा पक्ष जोरात होता, १८९१ ला त्यांनीच तो मोडला आणि राष्ट्रीय पक्षांत गेले. २०१६ ला एव्हन मॅकमलिन नावाचा मॉर्मन अपक्ष तिथं साडेएकवीस टक्क्यांवर गेला, ट्रम्प साडेपंचेचाळीस, सहाही मतं ट्रम्पला. तेव्हा २०२८ च्या नोव्हेंबरात निकाल लागतील तेव्हा देशाची टक्केवारी बघत बसू नका, राज्यवार तक्ता उघडा, तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून वरून खाली या आणि वीसच्या वर आकडा कुठं दिसतो का बघा. दिसला तर त्याच ओळीत पहिल्या दोघांना किती पडलीत ते बघा. तिसऱ्याला पस्तीस आणि वरचे दोघं एकमेकांत फुटलेले असतील, तरच पेन्सिल खोडून पेनानं लिहायचं.