परसातल्या कोंबडीचा चेहरा सुजला किंवा डोळा मिटला तर काय करावे

कोंबडीच्या चेहऱ्यावरील सूज हा स्वतंत्र रोग नव्हे. साध्या गांधीलमाशीच्या डंखापासून संसर्गजन्य सर्दीपर्यंत आणि खुराड्यात साठलेल्या अमोनियापासून कोंबड्यांच्या देवी रोगापर्यंत अनेक कारणांनी कोंबडीचा डोळा मिटतो, आणि लांबून पाहिले तर ती सगळी जवळपास सारखीच दिसतात. म्हणूनच घरात उरलेले प्रतिजैविक पाण्यात कालवून सगळ्या कोंबड्यांना पाजण्याची जी सवय अनेकांना असते, ती सर्वांत आधी सोडावी लागते. कारण चुकले तर औषध वाया जाते, अंडी खाण्यास अयोग्य होतात आणि खरा रोग तोवर शेजारच्या कोंबडीपर्यंत पोहोचलेला असतो.

आजारी दिसणारी कोंबडी प्रथम वेगळी करावी; मात्र तिला हात लावण्यापूर्वी काही मिनिटे दुरूनच पाहावे. कोंबडी आजार लपवण्यात तरबेज असते आणि माणूस जवळ आला की मान ताठ करून ठणठणीत असल्याचा आव आणते. ती चोच उघडी ठेवून श्वास घेते का, प्रत्येक श्वासागणिक शेपूट खालीवर होते का, डोके वारंवार झटकते का, डोळा पंखावर घासते का, हे पाहून ठेवावे. खांद्याजवळची पिसे चिकट आणि मळलेली दिसली, तर ती नाक आणि डोळे तिथेच पुसत आहे असे समजावे.

त्यानंतर तिला टॉवेलमध्ये पंखांसकट गुंडाळून उजेडात तपासावे. छातीवर दाब पडू देऊ नये, कारण पक्ष्याचा श्वास छातीच्या हालचालीवरच चालतो. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंची तुलना करावी आणि सूज नेमकी कुठे आहे ते बोटाने चाचपावे. कोंबडीच्या डोळ्याच्या खाली व किंचित पुढे नाकाशी जोडलेली एक पोकळी असते. तिच्या बाहेरच्या बाजूला हाडाची भिंत नसून केवळ मऊ ऊती आणि कातडी असते, त्यामुळे आत स्राव साठला की गाल फुगून वर येतो. सूज नेमकी या जागी असेल तर श्वसनमार्गाच्या संसर्गाचा संशय घ्यावा. फक्त पापणी सुजली असेल तर इजा, डंख किंवा देवी यांचा विचार करावा, आणि चोचीखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्या सुजून गरम लागत असतील तर कोंबड्यांचा कॉलराही संभवतो. शेवटी चोच उघडून तोंडात पांढरे-पिवळे थर आहेत का ते पाहावे आणि नाकपुड्यांचा वास घ्यावा. हे काम किळसवाणे वाटले तरी टाळू नये, कारण बरेचसे निदान इथेच होते.

नाकाला उग्र, कुजकट वास येत असेल, गाल फुगलेला असेल आणि दोनतीन दिवसांत आणखी कोंबड्या तशाच दिसू लागल्या, तर तो बहुधा कोरायझा, म्हणजे जिवाणूंमुळे होणारी संसर्गजन्य सर्दी असते. संसर्ग झाल्यापासून एक ते तीन दिवसांतच लक्षणे दिसतात, म्हणून हा रोग थव्यात आगीसारखा पसरतो. याउलट डोळ्याच्या कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे, अधूनमधून शिंका आणि घरघर, वास मात्र फारसा नाही, आणि रोग आठवडे-आठवडे रेंगाळणारा, असे चित्र असेल तर मायकोप्लाझ्माची शक्यता अधिक असते. या जिवाणूला पेशीभित्तिका नसते. पेनिसिलिन गटातील औषधे नेमकी त्या भित्तिकेवरच काम करतात, त्यामुळे ती इथे पूर्णपणे निरुपयोगी ठरतात. मायकोप्लाझ्मा अंड्यातून पिलातही उतरतो, तेव्हा अशा कोंबडीची अंडी उबवण्यास ठेवू नयेत.

तुरा, पापण्या आणि चोचीच्या कडेला चामखिळीसारखे फोड येऊन त्यांच्या काळसर खपल्या झाल्या असतील तर ती देवी होय. ती विषाणूजन्य असून मुख्यत्वे डासांमुळे पसरते. खपल्या ओरबाडून काढू नयेत. त्याखाली जखम होते आणि खपलीतला विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. केवळ कातडीवरची देवी साधारण दोन ते चार आठवड्यांत आपोआप ओसरते, मात्र त्या काळात पापण्या चिकटून कोंबडी उपाशी राहणार नाही याची काळजी घ्यावी लागते. तोंडात आणि घशात थर धरणारी देवी अधिक घातक असते, कारण तीत श्वास कोंडतो.

दोन्ही डोळे लाल, पाणावलेले, कोंबडी उजेडात डोळे मिटून बसलेली, पण नाक स्वच्छ, अशी अवस्था अनेक कोंबड्यांची एकदमच झाली असेल तर दोष औषधपेटीत न शोधता खुराड्यात शोधावा. ओल्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया डोळ्यावरचा पारदर्शक पडदा अक्षरशः भाजून काढतो. खुराड्यात उभे राहून वास घेतल्यास हे कळत नाही. खाली बसून, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेऊन पाहावे, आणि तेही सकाळी, दार उघडताक्षणी. हवेतील अमोनिया 25 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) वर जाऊ नये असा सर्वमान्य दंडक आहे. वास नाकाला झोंबत असेल तर भुशाचा ओला थर काढून कोरडा घालावा, पाण्याचे भांडे सांडत असेल तर त्याची जागा बदलावी आणि छपराजवळ वारा खेळता ठेवावा. हे केल्याशिवाय घातलेले कोणतेही थेंब फुकट जातात.

उरलेली कारणे थोडक्यात सांगता येतील. एकाच बाजूला अचानक आलेली सूज आणि खाणेपिणे नेहमीसारखे असेल तर डंख किंवा चोच लागल्याची इजा असते. पापणीखाली पांढरा घट्ट गोळा आणि तोंडात पुरळासारखे पांढरे ठिपके, शिवाय आहार बराच काळ निव्वळ दाण्यांचा असेल, तर अ जीवनसत्त्वाची उणीव तपासावी. डोळा सुजलेला नसून बाहुलीभोवतीचा रंगीत भाग राखाडी झाला असेल आणि बाहुली वेडीवाकडी दिसत असेल तर मरेक या विषाणूजन्य रोगाचा संशय येतो. त्यावर उपचार नाही.

प्रथमोपचारात डोळा धुणे हे सर्वांत उपयोगी काम आहे. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवावे. त्यात स्वच्छ कापसाचा बोळा भिजवून तो मिटलेल्या पापणीवर काही मिनिटे धरून ठेवावा, म्हणजे वाळलेली चिपडे मऊ होतात. मग आतून बाहेरच्या दिशेने अलगद पुसावे आणि प्रत्येक वेळी बोळा नवा घ्यावा. पापणी उघडल्यावर सिरिंजने, अर्थात सुई न लावता, त्याच पाण्याची बारीक धार सोडून कण किंवा भुसा बाहेर काढावा. हे दिवसातून दोनतीनदा करावे. हळद, मध, लिंबू किंवा दुसरे कोणतेही घरगुती द्रव्य डोळ्यात घालू नये. घरातल्या माणसांसाठी आणलेले थेंब तर मुळीच वापरू नयेत: त्यात स्टेरॉइड असेल आणि डोळ्याला व्रण असेल तर डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि त्यात क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक असेल तर अंडी-मांस देणाऱ्या प्राण्यांमध्ये त्याच्या वापरावर अनेक देशांत बंदी आहे.

गालातली सूज सुईने फोडण्याचा मोह अनेकांना होतो. पक्ष्यांचा पू माणसासारखा पातळ नसतो. तो लवकरच घट्ट, पनीरासारखा होतो, म्हणून सुईतून काहीच येत नाही आणि संसर्ग मात्र खोल जातो. असा गोळा पशुवैद्यानेच भूल देऊन, छेद घेऊन काढावा लागतो. प्रतिजैविक कोणते, किती मात्रेत आणि किती दिवस, हेही त्यांनाच ठरवू द्यावे, शक्यतो नाकातील स्रावाची तपासणी करून. दिलेला क्रम बरे वाटले म्हणून अर्ध्यावर सोडू नये आणि त्या औषधासाठी अंडी टाकून देण्याचा काळ किती आहे, हे आठवणीने विचारून लिहून ठेवावे.

वेगळ्या ठेवलेल्या कोंबडीला उबदार, वारा न झोंबणारी, कमी उजेडाची जागा द्यावी. डोळा मिटलेल्या कोंबडीला दाणा दिसत नाही, त्यामुळे ती रोगाने नव्हे तर भुकेने खंगते. पाणी आणि भिजवलेले खाद्य चोचीशी नेऊन तिची चोच त्यात टेकवावी, भांड्यांची जागा बदलू नये आणि रात्री गळ्याच्या बुडाशी असलेली अन्नपिशवी चाचपून ती भरली आहे का ते पाहावे. रोजची कामे करताना निरोगी कोंबड्यांचे आधी आणि आजारीचे शेवटी उरकावे. हातमोजे व मास्क वापरावेत, चपला वेगळ्या ठेवाव्यात.

सुजलेल्या चेहऱ्याबरोबर तुरा निळा-जांभळा पडला, हिरवट हगवण लागली, मान पिळवटली किंवा एकदोन दिवसांत अनेक कोंबड्या दगावल्या, तर घरी कोणताही उपचार न करता तत्काळ सरकारी पशुवैद्यकीय विभागाला कळवावे, कारण ही राणीखेत किंवा बर्ड फ्लूची लक्षणे असू शकतात. मेलेले पक्षी उघड्या हाताने हाताळू नयेत, कापू नयेत, खाऊ नयेत आणि परसातून कोंबडी, अंडी किंवा खत बाहेर जाऊ देऊ नये.

कोरायझा किंवा मायकोप्लाझ्मातून बरी झालेली कोंबडी दिसायला निरोगी असली तरी जंतू बाळगून राहते. म्हणून एक निर्णय मालकाला घ्यावाच लागतो: थवा बंद ठेवायचा, म्हणजे नवी कोंबडी आणायची नाही आणि आपली कोणाला द्यायची नाही, किंवा हा थवा संपू देऊन, खुराडे धुऊन, कोरडे करून, काही आठवडे रिकामे ठेवून मगच नवे पक्षी आणायचे. जुन्यात नवे मिसळण्याचा मधला मार्ग माझ्या मते टाळलेलाच बरा, कारण त्यात नव्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, दरवेळी आजारी पडतात. निरोगी थव्यात नवी कोंबडी आणायची असेल तेव्हाही तिला 30 दिवस वेगळे ठेवून रोज तिचे डोळे आणि नाकपुड्या तपासाव्यात, आणि देवीची लस डास वाढण्याच्या हंगामापूर्वीच टोचून घ्यावी.